श्रुतींची पेटी आणि तिचे परीक्षक

वस्तु विकणारानें आपल्या वस्तूची स्तुति करावी, हें जगाच्या रहाटीस धरूनच आहे. आपलें मडकें कच्चें आहे असें कुंभार सांगत नाहीं; आपला आंबा आंबट आहे असें बागवान सांगत नाहीं. गिऱ्हाइकालाही हें ठाऊक असतें. म्हणून तें मडकें वाजवून घेतें आणि आंबा हुंगून घेतें. परंतु कांहीं वस्तूंची पारख अशी प्रत्येकाच्या हातीं नसते. सोनें घेतांना सराफाची कसोटी लागते, जुनी पोथी घेतांना जाणत्या शास्त्र्याचा डोळा लागतो, आणि नाद देणारें यंत्र घेतांना तयार कानाचा मनुष्य लागतो. अशा वेळीं आपण वस्तूवर नव्हे, तर परीक्षकावर विश्वास ठेवीत असतों. तो विश्वास कशाच्या आधारावर ठेवावयाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

सांप्रत या प्रश्नास विशेष धार आली आहे. घरोघर संगीत ऐकण्याचीं नानाविध यंत्रें येत आहेत. त्यांच्या किंमती कांहींशें रुपयांपासून कांहीं लाखांपर्यंत चढतात. आणि दुकानांत पांच मिनिटें ऐकून त्यांतला फरक सामान्य कुटुंबास कळत नाहीं. मग लोक परीक्षणें वाचतात. परीक्षण लिहिणाराकडे तें यंत्र पुष्कळदां कारखानदाराकडूनच आलेलें असतें. कधीं तें परत मागितलें जातें, कधीं जात नाहीं. आणि ज्या अंकांत परीक्षण छापतें त्याच अंकांत त्या कारखान्याची जाहिरातही असते. हा सारा पश्चिमेकडून आलेला नवा रोग आहे, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. नादाचें एक यंत्र, त्याचे कर्ते आणि त्याचे परीक्षक यांचा असाच एक गुंता आपल्या महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वीं पडला होता. त्यांतील मंडळी विद्वान होती, आणि त्यांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. म्हणूनच तो इतिहास अधिक बोधप्रद आहे.

ती गोष्ट हार्मोनियमची. हें वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्समध्यें सिद्ध झालें आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे रुळलें. संगीत नाटकांनीं त्याला रंगभूमीवर मान दिला, कीर्तनकारांनीं तें देवळांत नेलें, आणि पाहतां पाहतां पेटी ही मध्यम स्थितीच्या घरांतही प्रतिष्ठेची वस्तु झाली. तिची सोय उघड होती. सारंगीसारखी वर्षानुवर्षें साधना नको, तंबोऱ्यासारखें दर बैठकीस जुळविणें नको. पण तिचा दोषही तितकाच उघड होता. तिच्या सप्तकांत बारा पट्ट्या, आणि त्या समान अंतरांवर बांधलेल्या. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे तिच्यांतून जो स्वयंभू गांधार ऐकूं येतो, त्याहून अशा पेटीचा गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. मींड तर तिला नाहींच. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, पेटी टाकावयाची कीं सुधारावयाची?

सुधारण्याचा विचार करणारांपुढें भरताचें नाट्यशास्त्र होतें. त्यांत सप्तकाच्या बावीस श्रुति सांगितल्या आहेत: षड्ज, मध्यम व पंचम यांस चार चार, ऋषभ व धैवत यांस तीन तीन, गांधार व निषाद यांस दोन दोन. त्या ओळखावयाच्या कशा, याचीही युक्ति तेथें दिली आहे. दोन सारख्या वीणा सारख्या जुळवावयाच्या. एक तशीच ठेवावयाची, दुसरी पायरीपायरीनें उतरवीत जावयाची, आणि प्रत्येक पायरीस दोहोंतील फरक कानानें पाहावयाचा. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आपल्याच कानावर जगानें विश्वास ठेवावा, अशी ग्रंथकाराची अपेक्षा नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें दोन वीणा घेऊन स्वतः ऐकावें, अशी सोय त्यानें करून ठेविली आहे. जें त्यानें सांगितलें नाहीं तें म्हणजे प्रत्येक श्रुतीचें गणिती माप. आणि पुढचा सारा वाद त्या मापावरून झाला.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांस श्रुतींचा ध्यास लागला. तारेची लांबी व कंपनसंख्या यांचें नातें हाताशीं धरून त्यांनीं स्वर मोजण्यास आरंभ केला. मोजावयास गळा हवा; तो त्यांस अब्दुल करीम खाँ यांचा मिळाला. किराणा घराण्याचे हे थोर गवई पुढें मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्या सुरेलपणाचा लौकिक आजही कायम आहे. देवलांचें बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० मध्यें प्रसिद्ध झालें. सिव्हिल सर्व्हिसमधील एक जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांस या विषयानें भारून टाकिलें, आणि त्यांनींही १९१३ मध्यें हिंदी संगीतावर आपला ग्रंथ लिहिला. दोघांच्या पुढाकारानें ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली, आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून श्रुतींचें हार्मोनियम बांधवून घेण्यांत आलें.

आतां या मांडणीकडे जरा तटस्थपणें पाहूं. सिद्धांत देवलांचा, त्याचें समर्थन क्लेमंट्स यांच्या ग्रंथांत, यंत्र त्या सिद्धांतावर बेतलेलें, त्याचा प्रसार करणारी संस्था या दोघांची, आणि ज्या गळ्याच्या साहाय्यानें श्रुति मोजल्या, तोच गळा त्या मोजणीचा मोठा साक्षी. म्हणजे वादी, वकील, साक्षीदार व न्यायाधीश, सर्व एकाच बिऱ्हाडांत! आपल्याच कज्ज्यांत आपण न्यायाधीश होऊं नये, हें क्लेमंट्स यांच्या धंद्याचें पहिलें सूत्र. त्यांच्या कोर्टांत असा दावा क्षणभरही उभा राहिला नसता. परंतु संगीताच्या आवडीपुढें त्या सूत्राची आठवण राहिली नाहीं.

यांत पैशाचा लोभ होता असें सुचविण्यास आम्हांस कांहींही आधार दिसत नाहीं. किंबहुना हितसंबंध म्हणजे केवळ पैसा, ही समजूतच अपुरी आहे. ज्या कल्पनेपायीं मनुष्यानें आयुष्याचीं वर्षें खर्चिलीं, ती खोटी ठरणें त्याला रुपये बुडण्याहून जड जातें. सिद्धांताचें प्रेम हेंही एक प्रकारचें भांडवलच आहे. पैसे घेऊन खोटें लिहिणारा मनुष्य निदान आपण खोटें लिहीत आहों हें जाणतो; आपल्या मताच्या प्रेमांत पडलेला परीक्षक मात्र प्रामाणिकपणेंच चुकतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणामुळेंच त्याची चूक लोकांस पटते.

गळ्याच्या साक्षीविषयीं आणखी एक अडचण आहे. गवई पेटीबरोबर गाऊं लागला म्हणजे त्याचा गळा नकळत पेटीकडे झुकतो. पेटी मात्र गळ्याकडे झुकूं शकत नाहीं. तेव्हां दोन्ही जुळले, यावरून पेटी खरी ठरत नाहीं. गवई कुशल आहे, एवढेंच ठरतें. याच सुमारास अमेरिकेंत याचा एक मोठा मासला घडत होता. १९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें आपल्या फोनोग्राफच्या जाहीर परीक्षा गांवोगांव केल्या. गायिका यंत्राशेजारीं उभी राहून गाई. मध्येंच नाट्यगृहांतील दिवे मालवीत. आणि पुन्हां दिवे लागत तेव्हां गायिका निघून गेलेली व तबकडी एकटीच गात असलेली प्रेक्षकांस दिसे. लोक थक्क होत व वर्तमानपत्रें तसें लिहीत. परंतु त्या गायिका कंपनीच्याच पदरच्या होत्या. आणि त्यांतील ॲना केस या प्रसिद्ध गायिकेनें उतारवयांत सांगितलें कीं, यंत्राशीं जुळेल इतपत आपण आपला आवाज आवरून धरीत होतों. प्रेक्षक खोटें बोलले नव्हते. त्यांनीं जें ऐकलें तेंच सांगितलें. परीक्षाच अशी रचली होती कीं, तिच्यांतून दुसरा निकाल निघूं नये.

आपल्या पेटीची जाहीर परीक्षा झाली ती बडोद्यास. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मार्च १९१६ मध्यें तेथें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. श्रुतींची पेटी तेथें मांडण्यांत आली. ध्रुपदिये झाकिरुद्दीन खाँ यांच्या गळ्यांतील स्वरांशीं तिचे स्वर ताडून पाहण्यांत आले. आणि ते जुळत नाहींत, असें भातखंडे यांच्या बाजूचें मत पडलें. श्रुतिपक्षाचा तेथें पाडाव झाला, असें पुढें सांगितलें जाऊं लागलें.

परंतु इतिहास लिहिणारास येथें थांबून चालत नाहीं. ज्या आसनावरून हा निकाल लागला, तें आसन तरी निःपक्ष होतें काय? भातखंडे यांनीं याच वर्षांत आपली स्वतःची पद्धति उभारिली होती. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या त्यांच्या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० मध्यें निघाला; बारा स्वर व दहा थाट हा त्या इमारतीचा पाया. प्रत्येक रागास श्रुतींचीं ठाम मापें अवश्य आहेत असें सिद्ध झालें असतें, तर त्या पायास धक्का बसता. शिवाय झाकिरुद्दीन खाँ हे भातखंडे ज्यांस मानीत अशा गवयांपैकीं होते. एका पक्षानें आपला गळा पुढें केला, दुसऱ्यानें आपला. दोन्ही गळे थोर. पण दोन्ही आणलेले.

भातखंडे यांच्याविषयीं याच संबंधांत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनींच ‘चतुरपंडित’ या नांवानें लिहिला, आणि मराठी ग्रंथांत त्याच चतुरपंडिताचीं वचनें आधार म्हणून घेतलीं. टोपणनांवानें लिहिण्याची त्या काळीं चाल होती, आणि भातखंडे यांनीं गांवोगांव हिंडून घराणेदार चिजांचा जो संग्रह केला त्याचें ऋण फिटण्यासारखें नाहीं. तथापि ज्या वाचकास हें गुपित ठाऊक नव्हतें, त्याला एकाच मनुष्याची साक्ष दोघांची वाटली असणार. दोन नांवांमागें एकच हात आहे हें कळण्याचा वाचकास हक्क होता, असें आमचें मत आहे.

पुढें यंत्रांनीं या वादांत भाग घेतला. १९६३ मध्यें नझीर जयराझभॉय व स्टोन या दोन संशोधकांनीं कलावंतांच्या वादनांतील स्वर उपकरणांनीं मोजून पाहिले. एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, असें त्यांस आढळलें. म्हणजे एका गवयाच्या गळ्यावरून सर्वांसाठीं माप ठरविणें जसें चूक, तसेंच दुसऱ्या एका गवयाच्या गळ्यावरून तें माप मोडीत काढणेंही चूक. बडोद्याच्या परिषदेंत ज्या प्रश्नाचा निकाल लागला असें लोकांस वाटलें, तो त्या रीतीनें सुटण्यासारखाच नव्हता.

हा झाला व्यक्तींचा हितसंबंध. संस्थेचाही हितसंबंध असतो, आणि त्याचा फटका अधिक जोराचा बसतो. साधी पेटी पुढें ऑल इंडिया रेडिओच्या कचेरींत आरोपी म्हणून उभी राहिली. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर यूरोपीय संगीताचें काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ मध्यें हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. त्यांचे कांहीं आक्षेप रास्त होते. पेटीचे समान अंतरांचे स्वर आणि मींडेचा अभाव यांविषयीं वर आम्हींही लिहिलेंच आहे. पण तो लेख छापला कोठें? ‘द इंडियन लिसनर’ या रेडिओच्याच पत्रांत. लिहिणारा रेडिओचा नोकर, पत्र रेडिओचें, आणि पेटीस थारा द्यावयाचा कीं नाहीं हें ठरविणारेंही रेडिओच. १ मार्च १९४० पासून पेटीस रेडिओवर बंदी झाली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ज्यांची उपजीविका पेटीवर होती त्या साथीदारांची या काळांत किती ओढाताण झाली असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल. त्या खटल्यांत साक्षीदार पुष्कळ होते. बचावाचा वकील मात्र न्यायाधीशाच्या पत्रांत लिहावयास आला नाहीं, तर त्यांत नवल नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रांचा छंद पाश्चात्य देशांत पसरला, आणि त्याबरोबर परीक्षकांचा एक निराळा वर्गच निर्माण झाला. तेथें पैशाचा प्रश्न उघडपणें पुढें आला. अमेरिकेंतील ‘हाय फिडेलिटी’ या मासिकांत परीक्षणें लिहिणारे जे. गॉर्डन होल्ट हे जाहिरातदारांच्या वजनास कंटाळून बाहेर पडले, आणि १९६२ मध्यें त्यांनीं ‘स्टीरिओफाइल’ हें पत्र काढिलें. आरंभीं तें कारखानदारांच्या जाहिराती घेत नसे. पण अंक वेळेवर निघेनात, आणि पुढें जाहिराती घ्याव्याच लागल्या. जाहिरात घ्यावी तर मिंधेपणा, न घ्यावी तर उपासमार! मराठी मासिकें चालविणारांस हा पेच समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तरीही जाहिरात न घेतल्यानें परीक्षण आपोआप निर्दोष होतें असें नाहीं. ‘कन्झ्यूमर्स युनियन’ ही अमेरिकेंतील संस्था १९३६ मध्यें निघाली. ती जाहिराती घेत नाहीं, आणि तपासावयाची वस्तु बाजारांतून विकत घेते. तिच्या मासिकाच्या मे १९७० च्या अंकांत अमर बोस यांच्या कंपनीच्या ‘९०१’ या ध्वनिक्षेपकाविषयीं असें लिहिलें गेलें कीं, त्यांतून निघणारे वाद्यांचे आवाज अवाढव्य वाढतात व खोलीभर भटकतात. कंपनीनें दावा लाविला. परीक्षकांनीं प्रत्यक्ष ऐकलें होतें तें खोलीभर भटकणें नव्हे, तर दोन ध्वनिक्षेपकांच्या मधल्या भिंतीच्या कडेनें सरकणें, असें खालच्या कोर्टानें ठरविलें व विधान खोटें धरलें. अखेर ३० एप्रिल १९८४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. विधान चुकीचें असलें तरी तें जाणूनबुजून केलें हें सिद्ध झालें नव्हतें. परीक्षकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनें हा निकाल मोठा आहे. वाचकाच्या दृष्टीनें मात्र त्यांतला दुसरा भाग महत्त्वाचा. कोणाचेंही मिंधें नसलेलें परीक्षणही, ऐकलें एक आणि लिहिलें दुसरें, अशा चुकीपासून मुक्त नसतें.

मग परीक्षा व्हावी तरी कशी? तिचा एक साधा नमुना आपल्या मुलुखांतच आहे. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर, पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यांत, महालक्ष्मीच्या देवस्थानाजवळ चारोटी हें गांव लागतें. डहाणू-तलासरीच्या या टापूंत वारल्यांचें तारपा हें वाद्य वाजतें. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढी त्याची सामग्री. पुष्कळदां बनविणारा तोच वाजविणारा असतो; म्हणजे त्याचाही हितसंबंध आहेच. पण परीक्षक तो नव्हे. तो मध्यें उभा राहून वाजवितो, आणि त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुषांचा फेर धरलेला असतो. त्याची चाल बदलली कीं फेराचीं पावलें बदलतात. सुरांत दम नसेल तर पावलें अडखळतात. निकाल सर्वांदेखत लागतो, आणि तो देणारांस त्या तारप्याच्या विक्रीशीं कांहीं कर्तव्य नसतें. दुकानांतल्या यंत्रासाठीं असा फेर धरतां येत नाहीं, हें खरें. पण करणारा वेगळा व पारखणारे वेगळे, आणि पारख उघड्यावर, हें त्यांतलें सार दुकानांतही नेतां येतें.

आपल्या सरकारनेंही आतां या दिशेनें पाऊल टाकिलें आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जून २०२२ मध्यें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध झालीं, त्यांप्रमाणें एखाद्या वस्तूची भलावण करणारानें त्या वस्तूच्या धन्याशीं आपला कांहीं देण्याघेण्याचा संबंध असल्यास तो उघड सांगितला पाहिजे. हें योग्यच झालें. मात्र कायदा पैशाचा व भेटवस्तूंचा हिशेब मागूं शकतो. सिद्धांताच्या प्रेमाचा, मैत्रीचा किंवा संस्थेच्या अभिमानाचा हिशेब त्याला मागतां येत नाहीं. तो हिशेब परीक्षकानें आपण होऊन द्यावयाचा असतो, आणि वाचकानें आग्रहानें मागावयाचा असतो.

वाचकाच्या हातीं आणखीही कांहीं आहे. यंत्र परीक्षकाकडे कोठून आलें, तें परत गेलें कीं नाहीं, हें लिहिलेलें नसेल तर त्या परीक्षणास जाहिरातीहून अधिक किंमत देऊं नये. दोन यंत्रें ताडून पाहावयाचीं असल्यास कोणतें कोणाचें हें ऐकणारास कळूं देऊं नये. कारण नांव ठाऊक असलें म्हणजे कान त्या नांवासकट ऐकतो. दोहोंचा आवाज सारख्या पातळीवर ठेवावा. किंचित् मोठा आवाज कानास उगीचच अधिक गोड लागतो. आणि एकानें केलेली परीक्षा दुसऱ्यास त्याच रीतीनें पुन्हां करून पाहतां आली पाहिजे. यांत नवें असें थोडेंच आहे. दोन वीणांपैकीं एक जशीच्या तशी ठेवून दुसरी उतरविण्यास सांगणाऱ्या भरतास यांतलें मर्म ठाऊक होतें.

देवल व क्लेमंट्स यांचा उद्योग फसला म्हणून त्यांची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. आपल्या संगीताचे स्वर बारा पट्ट्यांत कोंबले जाऊं नयेत, ही त्यांची तळमळ खरी होती, आणि बारा पट्ट्यांची पेटी आज सर्वत्र मैफलींत बसलेली पाहून ती तळमळ फुकट होती असेंही म्हणवत नाहीं. त्यांच्याजवळ विद्या होती, उत्तम गवयाचा गळा होता, लंडनचा कारीगर होता. एकच गोष्ट नव्हती: पेटी खरी ठरो वा खोटी ठरो, ज्याचें कांहींच जात नाहीं असा एक कान. भातखंडे यांच्याजवळही तो नव्हता, आणि रेडिओजवळही नव्हता. तो मिळणें त्या काळीं कठीण होतें आणि आजही आहे. पण तो नसतांना लागलेल्या निकालास अंतिम निकाल समजूं नये, इतकी सावधगिरी तरी आपणांस बाळगतां येईल.